सुतळी कापायचा चाकू

३ जानेवारी १९५६, मंगळवार

आज चाकू घेतला. ठाकूरद्वारच्या नाक्यावर फळीवर सामान मांडून बसतो त्या माणसाकडून. घडीचा आहे. मूठ शिंगाची, पातं माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडं आखूड. मिटला की मुठीत दिसेनासा होतो.

ही चैन नाही ना, असं स्वतःला विचारून पाहिलं. नाही. आमचं दुकान शाळेच्या पुस्तकांचं आणि वह्यांचं. छापखान्यातून गठ्ठे येतात ते माळ्यावर चढवतात. ते सोडायचे, मोजायचे आणि गावोगावच्या शाळांच्या मागणीप्रमाणे पुन्हा बांधायचे, हे माझं काम. सुतळीच्या गाठी फार आवळलेल्या असतात. दुकानाचा एक चाकू आहे, पण तो मागायला दर वेळी खाली गल्ल्यापाशी जावं लागतं. दातांनी गाठ सोडवणं बरं दिसत नाही.

शाळेत आमच्या बाई सांगायच्या, रोज चार ओळी लिहीत जा, भाषा सुधारते. नव्या वर्षापासून लिहायचं ठरवलं आहे. एक नियम केला आहे : जे नक्की ठाऊक नाही ते लिहायचं नाही. घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. मी चुकीचं लिहिलं तर ते तपासायला दुसरं कुणी नाही.

५ जानेवारी, गुरुवार

चाकू घरात सापडला. म्हणजे मी लपवला नव्हता. पिशवीतून डबा काढताना आईच्या हाताला लागला.

"काय गे ह्या? चेडवाच्या पिशयेत चाकू कशाक?"

"सुतळी कापायला."

जयवंतने तो आईच्या हातातून घेतला, उघडला, अंगठ्यावर फिरवून पाहिला. जयवंत माझा थोरला भाऊ. नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्याच गिरणीत बदलीवर होता, आता कायम झाला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, त्यामुळे सध्या त्याला सगळ्याच गोष्टींचं हसू येतं.

"सुतळी कापेल. शेपूची जुडी कापेल. त्यापलीकडे काही कापायला जाऊ नकोस, बकू."

"मी कशाला जाईन?"

"सांगून ठेवतो. चाकू काढला तर चालवता आला पाहिजे. नाहीतर समोरच्याच्या हातात दिल्यासारखाच. आखाड्यात पहिलं हेच शिकवतात."

शेजारच्या सुंदराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. "अरे, ती काय चालवतेय! तिच्या हाती सुई दिली तर टोचण्याआधी कापडाची माफी मागेल."

सगळे हसले. मीही हसले. नानांनी चाकू घेतला, एक पेरू चिरला, पातं धोतराला पुसलं आणि परत दिला. चांगला आहे, असं मानेनेच सांगितलं.

९ जानेवारी, सोमवार

सीतारामतात्यांविषयी लिहायला हवं, कारण हे काम मला त्यांच्यामुळे मिळालं. तात्या दुकानाचे मुख्य कारकून, आणि आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचे चिटणीस. मंडळाची खोली लालबागला आहे. गावाहून आलेला माणूस पहिल्यांदा तिथे पथारी टाकतो आणि मग तात्या त्याला कुठेतरी चिकटवून देतात. अलीकडे शिकलेल्या मुलींनाही त्यांनीच कामं बघून दिली. मला इथे, कुणाला टपालात, कुणाला दवाखान्यात. इंग्रजीत अर्ज करायचा तर तो तात्यांनीच लिहायचा. नाना त्यांच्यासमोर बसत नाहीत, उभे राहतात.

इतका मोठा माणूस, पण माळ्यावर स्वतः येऊन मोजणी बघतात. शिडी चढताना दम लागतो तरी येतात. आज गाठ कशी मारायची ते शिकवलं. गाठ मला येते, पण तसं म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. हात धरून शिकवली. फार वेळ लागला. मला समजत नाही असं त्यांना वाटलं असावं.

१३ जानेवारी, शुक्रवार

चाकू रोज बाळगावा की नाही, याचा विचार करते आहे. सोयीचा आहे यात शंका नाही. गठ्ठे सोडायला, पेन्सिलींना टोकं करायला, पाकिटावरची लाख खरवडायला, एकदा ट्रामची वाट बघताना चपलेत घुसलेला खिळा काढायला. पण सोयीच्या वस्तूची सवय लागते, आणि सवय लागली की माणूस ती नसताना लुळा होतो. काल पिशवी बदलली आणि चाकू जुन्या पिशवीत राहिला असं वाटलं, तेव्हा अर्ध्या रस्त्यातून परतावंसं वाटलं. एवढ्याशा सुतळीसाठी इतकी घालमेल बरी नव्हे.

एक लिहिण्यासारखं आहे. चाकू उघडा असला की तात्या माळ्यावर फार वेळ थांबत नाहीत. परवा मी सुतळी कापत होते. ते आले आणि लगेच गेले. आज कापण्यासारखं काही नव्हतं, तरी पातं उघडून गठ्ठ्यावर ठेवलं होतं. आजही गेले. काही लोकांना उघड्या पात्याचा तिटकारा असतो.

कांताला हे सांगितलं. ती खाली विक्रीला बसते, माझ्या आधीपासून आहे. ती म्हणाली, "उघडा ठेव तू. कामाला बरा पडतो." मग थोड्या वेळाने, "आणि वर जाताना मला हाक मारत जा गं."

कांता स्वतः माळ्यावर एकटी कधी जात नाही. उंदरांची भीती वाटते म्हणते. परवा गल्ल्यामागे उंदीर निघाला, तो मात्र तिने फूटपट्टीने हाणून बाहेर घालवला.

१७ जानेवारी, मंगळवार

काल रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे राहणार. आमच्या चाळीखालच्या हॉटेलात रेडिओ आहे. ऐकून सगळे एकदम बोलायला लागले. आज गिरण्या बंद, दुकान बंद. भोंगा झाला नाही तर सकाळ झाली हे नानांना पटत नाही. पाणी आल्यावरही अंथरुणातच बसून होते.

२२ जानेवारी, रविवार

मधे लिहिलं नाही. संचारबंदी होती. रडवणारा धूर जिन्यातून वर येत होता. आम्ही दाराच्या फटीत ओली गोणपाटं कोंबली. समोरच्या चाळीतला एक विणकर गॅलरीत उभा असताना गोळी लागून गेला. मी पाहिलं नाही. त्याच्या बायकोचा आवाज ऐकला, म्हणून लिहिते.

जयवंत दुधाला म्हणून जातो आणि दुधाशिवाय परत येतो. डोळे लाल असतात. आई विचारते, दूध खंय? तो म्हणतो, म्हशी संपावर आहेत.

२५ जानेवारी, बुधवार

दुकान उघडलं. काठ्या, सुरे, चाकू असलं काही बाळगायला बंदी आहे. नाक्यानाक्यावर झडती घेतात. बायकांच्या पिशव्या बघत नाहीत, असं कांता म्हणते. पण बघत नाहीत म्हणून चालतं, हा काही न्याय नाही. हुकूम सगळ्यांना सारखा. चाकू घरी ठेवला, पत्र्याच्या पेटीत.

२८ जानेवारी, शनिवार

आज चाकू जवळ नव्हता. माळ्यावर गठ्ठे पुष्कळ साठले आहेत. कांता आजारी, आली नाही.

ब्लाउजच्या बाहीची शिवण उसवली होती, ती घरी आल्यावर घातली. आईने विचारलं, कशात अडकली. खिळ्यात, असं सांगितलं. माळ्यावर खिळे आहेत हे खरं आहे.

जास्त लिहिण्यासारखं नाही.

३० जानेवारी, सोमवार

चाकू परत नेऊ लागले. हुकूम मोडते आहे याची जाणीव आहे. सरकारी हुकूम दंगा होऊ नये म्हणून असतो आणि मी दंगा करणार नाही, असा युक्तिवाद मनात केला. पण असा युक्तिवाद कुणीही करू शकेल. तेव्हा तो टिकत नाही. तरी नेला.

जयवंतने पाहिलं. "बकू, आता नको. सापडलीस तर चौकीत बसवतील."

"बायकांना बघत नाहीत."

तो बघतच राहिला. "हे तू बोलतेस? तू? ट्रामचं तिकीट फाडायचं राहिलं तर कंडक्टरच्या मागे धावणारी?"

मी म्हणाले, सुतळी फार असते. त्याने पुढे काही विचारलं नाही. लग्नाच्या बस्त्याला जायची घाई होती.

९ फेब्रुवारी, गुरुवार

घरात लग्नाशिवाय दुसरा विषय नाही. मुलगी लालबागची, शेवंती नाव. रविवारी एकोणीस तारखेला लग्न, आदल्या दिवशी हळद.

एक अडचण आली आहे. आमच्यात हळद लागली की नवऱ्याने लोखंडाशिवाय राहायचं नाही. हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. मंडळाची एक जुनी कट्यार आहे, गावातल्या सगळ्या नवरदेवांच्या हाती तीच असते. दंग्यात झडतीच्या भीतीने कुणीतरी ती गावी पाठवून दिली. सुंदराबाईंनी त्यांचा अडकित्ता देऊ केला. जयवंत ऐकेना.

"अडकित्ता घेऊन काय सुपारी कातरत फिरू? पोरं म्हणतील, नवरा आला की आजोबा आला!"

"मेल्या, लोखंड ता लोखंड," आई म्हणाली.

"मग बकूचा चाकूही लोखंडच. छोटं लिंबू बघा म्हणजे झालं."

आईने मान डोलावली. हळदीच्या दिवशी मी सुट्टीच घेणार आहे, तेव्हा चाकू द्यायला माझी हरकत नाही. बंदीचं मी बोलून दाखवलं. जयवंत म्हणाला, हळद लागलेला नवरा घराबाहेर पडतोय कशाला!

१८ फेब्रुवारी, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी हळद झाली. उष्टी हळद घेऊन पाचजणी शेवंतीकडे निघाल्या. आई म्हणत होती, "तू भायर जाव नको," तरी जयवंत त्यांना नाक्यापर्यंत पोचवायला गेला. पिवळ्या अंगावर सदरा, कमरेला माझा चाकू, चाकूवर लिंबू. नाक्यावर मित्र भेटले. त्यांनी त्याच्या नावाने घोषणा दिली, मग संयुक्त महाराष्ट्राची दिली. पोलिसांची गाडी उभी होतीच. बाकीचे पळाले. जयवंत पळाला नाही. हळदीच्या अंगाने पळणं शोभत नाही असं वाटलं म्हणे. झडतीत चाकू सापडला आणि त्याला चौकीत नेलं.

नाना म्हणाले, तात्यांकडे चल. मी म्हणाले, आपणच जाऊ या का आधी? नाना म्हणाले, "पोलिसाशी बोलायचं कुणी? तू?" 

तात्या लगेच निघाले. वाटेत फार समजूत घालत होते. "घाबरू नका नाना. मी सांगतो, चाकू दुकानाचा आहे, मीच पोरीला कामासाठी दिलाय. दुकानाचं नाव मोठं आहे, फौजदार ऐकेल." मी म्हणाले, तो माझा आहे. "अगं बाळ, तुझाच. पण सांगायचं असं." मग नानांना म्हणाले, "मार्चअखेर आहे. माळ्यावर मोजदाद काढायची आहे. सोमवारपासून हिला संध्याकाळी थांबावं लागेल, मी असेनच. चालेल ना?" नानांनी हात जोडले. चालेल म्हणाले.

मी त्यांच्या मागून चालत होते. जयवंत सुटला नाही तर उद्याचं लग्न मोडतं, खटला झाला तर गिरणीतली जागा जाते. सुटला तर सोमवार. हे दोन्ही मला स्पष्ट दिसत होतं. चाकू घेतला नसता तर यातलं काहीच नसतं, हेही.

चौकीत जयवंत बाकावर बसला होता. एक शिपाई त्याला विचारत होता, "नवरदेव, लिंबाचं सरबत करू का?" फौजदार वयस्क होते, समोर पुष्कळ कागद. तात्या ठरल्याप्रमाणे बोलले. चांगलं बोलतात ते. फौजदारांनी जयवंतला विचारलं, चाकू कुणाचा?

"माझा, साहेब. हिचा काही संबंध नाही."

"माझा आहे," मी म्हणाले.

"दुकानाचा आहे," तात्या म्हणाले.

फौजदारांनी चाकू उचलून पाहिला. "एवढासा चाकू, आणि मालक तीन! बाई, तुम्ही सांगा. कधी घेतलात?"

"गेल्या महिन्यात, ठाकूरद्वारला. बंदीच्या आधी."

"कशाला?"

"सुतळी कापायला."

"सुतळी दुकानात. चाकू घरी का येतो रोज? बंदी आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"शिकलेल्या दिसता. मग रोज का बाळगत होता?"

हा प्रश्न मला आईने विचारला होता, जयवंतने विचारला होता. पण विचारताना ते अर्धवट हसत होते आणि उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. फौजदार हसत नव्हते. त्यांच्या हातात टाक होता आणि मी जे सांगेन ते ते लिहिणार होते. मी मनात पुन्हा तपासून घेतलं की मला नक्की काय ठाऊक आहे. मग तेवढंच सांगितलं.

"सुतळी कापायला दुकानात दुसरा चाकू आहे. हा मी तात्या माळ्यावर येतात म्हणून बाळगते. पातं उघडं असलं की ते खाली जातात. बंदी आली तेव्हा चाकू घरी ठेवला होता. तेव्हा ते गेले नाहीत."

तात्या म्हणाले, "काय बोलतेस पोरी!" जयवंत उठला, त्याला शिपायाने खाली बसवलं. फौजदारांनी तात्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते बाहेर बसले नाहीत, निघून गेले. 

नाना खिडकीशी उभे होते. गिरणीतल्या साच्यांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बरंच समजून घेतात, पण त्या वेळी ते माझ्याकडे बघत होते की जयवंतकडे, हे मी पाहिलं नाही. नंतर पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

फौजदारांनी टाक खाली ठेवला. मला विचारलं, "याची निराळी तक्रार लिहून द्यायची आहे का?"

मी म्हणाले, "आज घरी हळद आहे."

त्यांनी पुढे घेतलेला कोरा कागद परत ठेवला. मग चाकू खणात टाकला, हमीच्या कागदावर नानांचा अंगठा घेतला आणि जयवंतला म्हणाले, "जा. उद्या लग्नात अडकित्ता वापर."

येताना आम्ही तिघे ओळीने चाललो. जयवंत दोनदा मागे वळला.

२० फेब्रुवारी, सोमवार

लग्न झालं. शेवंती घरी आली. तात्या आले नाहीत. मंडळाची माणसं अक्षतांना आली आणि बरीचशी न जेवता गेली. भात उरला, तो चाळीत वाटला.

आई काल रात्रीपासून बोलत नव्हती. आज भांडी घासताना बोलली. "गप ऱ्हवाक काय झालेला तुका? झील सुटत होतो ना माझो? मग?" मी म्हणाले, जयवंत सुटलाच की. ती म्हणाली, "आणि आता तुझा लगीन कोण करतला?"

मी तिच्या शेजारी बसून घासलेली भांडी विसळली.

कामावर गेले नाही. जायचं नाही असं कुणी सांगितलं नाही, जा असंही नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

तात्यांनी मंडळात सांगितलं आहे की भावाला सोडवायला पोरीने भल्या माणसावर बालंट आणलं. रविवारी सभा आहे. नानांना बोलावलं आहे. मी शब्द मागे घ्यावा आणि नानांनी दंड भरावा, असं ठरणार म्हणतात.

कांता येऊन गेली. गिरगावहून परळला पहिल्यांदाच आली. शेवंतीने चहा केला. कांता नुसतीच बसून होती. जाताना जिन्यात म्हणाली, "मला सात वर्षं झाली गं तिथे." एवढंच. सात वर्षांत पगार वाढला की नाही, हे विचारायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

चाकू बाळगणं शहाणपणाचं होतं का, याचा निवाडा करायचा प्रयत्न केला. त्याच्यामुळे जयवंत चौकीत गेला, लग्न मोडता मोडता राहिलं, माझं काम गेलं. दुसऱ्या बाजूला, त्याने मी कधी कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही, आणि जयवंत म्हणतो ते खरं आहे. चालवायची वेळ आली असती तर मला चालवता आला नसता. तेव्हा तो मूर्खपणाच म्हणायला हवा. पण माळ्यावर तो नसता तर काय, हे लिहायला बसले की हात पुढे जात नाही.

नाना रोज कामाला जातात, येतात, जेवतात. मला काही विचारत नाहीत. त्यांनी ऐकलं नसावं, असं आता मला वाटू लागलं आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या सभेला बायका नसतात. जयवंत नानांबरोबर गेला होता, त्याने सांगितलं ते लिहिते.

खोली भरली होती. तात्या नेहमीच्या जागी, चिटणिसांच्या. एका म्हाताऱ्याने नानांना विचारलं, तुमच्या मुलीने असं असं म्हटलं, ते खरं का? नानांना बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले. जयवंतला वाटलं, नेहमीसारखे तात्यांपुढे म्हणून उभे आहेत.

नाना म्हणाले, "तिनं म्हटलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक शब्द मला चुकला नाही."

तात्या म्हणाले, मग दंड भरा.

"भरतो," नाना म्हणाले. "पण कशाचा ते मी सांगतो. माझी मुलगी महिनाभर चाकू घेऊन कामाला जात होती. मी त्याच चाकूनं पेरू चिरून खाल्ला आणि चाकू चांगला आहे अशी मान हलवली. कशाला लागतो, हे बाप असून विचारलं नाही. मला कमी ऐकू येतं म्हणून नव्हे. विचारलंच नाही. मंडळानं मला याचा दंड सांगावा, मी आज भरून जातो."

जयवंत म्हणतो, नाना एका दमात इतकं बोललेले त्याने आयुष्यात ऐकले नव्हते. तात्या हसून म्हणाले, नानांचं डोकं फिरलंय. कुणी हसलं नाही. 

मग दाराजवळ बसलेले जिवा परब उठले. त्यांची सून दवाखान्यात कामाला आहे, तात्यांनीच लावलेली. म्हाताऱ्याने विचारलं, जिवा, खंय चललंस? अजून ठराव नाही झाला.

"घरी जातंय," ते म्हणाले. "सुनेक इचारतंय."

त्यांच्यामागे टपालातल्या मुलीचे वडील उठले. मग तिसरे एकजण. तात्या सगळ्यांना नावाने हाका मारत होते, बसा, चहा येतोय म्हणत होते. चपला शोधण्याची गर्दी झाली. ठराव राहून गेला, दंडही राहिला. 

जयवंतला याचंच नवल वाटत होतं की चहा आला तेव्हा खोलीत कप घ्यायला माणसं नव्हती.